सुलभ संकेतस्थळ : रचनेची तत्त्वे आणि पहिले धडे

एक ज्येष्ठ नागरिक संगणकासमोर बसून एक अर्ज भरत आहेत. नाव, पत्ता, जन्मतारीख असे सारे काही त्यांनी काळजीपूर्वक टंकले आहे. शेवटी ते 'पुढे' हे बटण दाबतात आणि पडद्यावर लाल अक्षरांत एवढेच उमटते : 'अवैध माहिती'. कोणती माहिती, कोणत्या रकान्यातली, ती दुरुस्त कशी करायची, याचा कोठेही उल्लेख नाही. मागे जावे, तर भरलेला अर्ज कोरा झालेला. दोन-तीनदा असे घडले की ते उठतात आणि म्हणतात, 'आम्हाला काही या संगणकातले जमत नाही.'

येथे चूक कोणाची? अमेरिकेतील डोनाल्ड नॉर्मन यांनी 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' या नावाने पुढे प्रसिद्धी पावलेल्या आपल्या १९८८ सालच्या पुस्तकात याच प्रश्नाची चर्चा केली आहे. एखादी वस्तू वापरताना माणूस अडखळला की तो स्वतःला दोष देतो. वास्तविक दोष बहुतेक वेळा त्या वस्तूच्या रचनेत असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ढकलायचे की ओढायचे हे पाहताक्षणी न कळणारे दार हे त्यांचे गाजलेले उदाहरण. अशा दाराला आजही 'नॉर्मन दार' म्हणतात. संकेतस्थळांच्या जगात अशा दारांची संख्या मोठी आहे. वीज बिल, बँक, शाळाप्रवेश, रेल्वेचे आरक्षण अशी नित्याची कामे संकेतस्थळांवरून होऊ लागल्यानंतर हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा राहिलेला नाही. दार उघडले नाही, तर माणूस सेवेलाच मुकतो.

सुलभ संकेतस्थळ म्हणजे नेमके काय, ते कसे आखावे आणि त्यासाठी लागणारी प्राथमिक तंत्रे सर्वसामान्य माणसाला कशी शिकता येतील, याचा हा परिचय.

महाजालाची तीन अंगे

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील 'सर्न' या अणुसंशोधन संस्थेत मार्च १९८९ मध्ये माहितीच्या महाजालाचा प्रस्ताव मांडला. १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ जगासमोर आले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्यामागचा हेतू साधा होता. निरनिराळ्या देशांतील, निरनिराळे संगणक वापरणाऱ्या संशोधकांना एकमेकांचे कागद वाचता यावेत, एवढाच. कोणताही संगणक असो, मजकूर वाचता आला पाहिजे, हे तत्त्व महाजालाच्या पायातच आहे.

वाचकाच्या डोळ्यांसमोर येणारे पान तीन तंत्रांनी घडते. पहिले एचटीएमएल. हा मजकुराचा सांगाडा. १९९१ च्या सुमारास त्याच्या पहिल्या वर्णनात अवघ्या १८ खुणा होत्या. दुसरे सीएसएस, म्हणजे पानाचा पेहराव. होकोन व्हियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याचे पहिले प्रमाणित रूप जाहीर झाले. तिसरे जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाची हालचाल. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत त्याचा पहिला आराखडा तयार केला. सांगाडा, पेहराव आणि हालचाल यांचा हा क्रम लक्षात ठेवावा. शिकतानाही तोच पाळायचा असतो आणि संकेतस्थळ उभारतानाही. हा क्रम उलटा केला की पान देखणे होते, पण उपयोगाला येत नाही.

सुलभता कशी मोजावी?

'आयएसओ ९२४१' या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अकराव्या भागात सुलभतेची व्याख्या केलेली आहे. ठरावीक लोकांना, ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काम परिणामकारकपणे, कमी श्रमांत आणि समाधानाने पार पाडता येणे, असा तिचा आशय आहे. या व्याख्येतील 'ठरावीक' हा शब्द महत्त्वाचा. 'आमचे संकेतस्थळ सोपे आहे' हे विधान अपुरे ठरते. कोणासाठी सोपे, कोणत्या कामासाठी सोपे आणि कोठे बसून, याचे उत्तर आधी द्यावे लागते.

या क्षेत्रातील दुसरे महत्त्वाचे नाव जेकब नील्सन यांचे. त्यांनी १९९४ मध्ये निश्चित केलेली दहा तत्त्वे आजही वापरली जातात. काय चालले आहे ते यंत्राने वेळोवेळी सांगावे; वापरणाऱ्याच्याच भाषेत बोलावे; केलेली कृती मागे घेता यावी; एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव असावे; चूक होण्याआधीच ती टाळावी; आणि झालीच, तर ती साध्या शब्दांत सांगून उपायही सुचवावा, ही त्यांतील काही. आरंभीच्या प्रसंगातील 'अवैध माहिती' हा संदेश या तत्त्वांपैकी किमान तिघांचा भंग करतो. त्याऐवजी जन्मतारखेच्या रकान्याशेजारीच 'वर्ष चार अंकांत लिहावे, उदा. १९५२' असे आले असते आणि बाकीचा अर्ज जसाच्या तसा राहिला असता, तर त्या गृहस्थांचे काम दोन मिनिटांत झाले असते.

आधी कागद, मग संगणक

समजा, एखाद्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ तयार करायचे आहे. प्रचलित पद्धत अशी, की मुखपृष्ठावर इमारतीचे मोठे छायाचित्र, त्याखाली अध्यक्षांचे मनोगत, संचालक मंडळाची यादी आणि डावीकडून उजवीकडे सरकत जाणारे 'हार्दिक स्वागत'. परंतु येथे येणारा वाचक काय विचारत असतो? वाचनालय आज उघडे आहे का? वर्गणी किती? अमुक पुस्तक मिळेल का? सभासद होण्यासाठी काय लागते? पत्ता कोणता? हे पाच प्रश्न आणि आपले मुखपृष्ठ यांचा मेळ बसत नसेल, तर आपण संकेतस्थळ वाचकांसाठी नव्हे, संचालकांसाठी बांधले आहे.

म्हणून पहिले काम कागदावर करावे. वाचनालयाच्या खिडकीवर बसणाऱ्या ग्रंथपालांना आठवडाभर लोक काय विचारतात, ते टिपून ठेवण्यास सांगावे. दूरध्वनीवर येणारे प्रश्नही नोंदवावेत. जे प्रश्न वारंवार येतात त्यांची उत्तरे मुखपृष्ठावर, क्वचित येतात त्यांची आतल्या पानांवर, असा साधा हिशेब. त्यानंतर प्रत्येक विषय एकेका चिठ्ठीवर लिहून चार-पाच सभासदांना त्या चिठ्ठ्यांचे गट पाडण्यास सांगावे. लोक ज्या गोष्टी एकत्र ठेवतात, त्या संकेतस्थळावरही एकत्र असाव्यात. या पद्धतीला 'कार्ड सॉर्टिंग' म्हणतात. तिला चिठ्ठ्यांपलीकडे खर्च नाही.

दुव्यांची नावे हा पुढचा मुद्दा. 'येथे क्लिक करा' हा दुवा काहीच सांगत नाही. 'सभासदत्वाचा अर्ज' हा सांगतो. 'सेवा', 'उपक्रम', 'इतर' अशी मोघम नावे टाळावीत. कार्यालयीन मराठीचाही मोह नको. 'ग्रंथ आदान-प्रदान विभाग' यापेक्षा 'पुस्तके नेणे आणि परत करणे' हे वाचकाला लवकर कळते. स्टीव्ह क्रुग यांच्या २००० साली निघालेल्या लोकप्रिय पुस्तकाचे नाव 'डोन्ट मेक मी थिंक' असे आहे. वाचकाला प्रत्येक पायरीवर विचारात पाडू नका, हा त्याचा मथितार्थ.

सरकत्या मजकुराविषयी एक शब्द. 'मार्की' नावाची ती खूण एचटीएमएलच्या प्रमाणित नियमांतून कालबाह्य ठरवण्यात आली आहे. पाच सेकंदांहून अधिक काळ आपोआप हलत राहणारा मजकूर थांबवण्याची सोय वाचकाला असावी, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. सावकाश वाचणाऱ्या माणसाच्या नजरेसमोरून वाक्य पळवून नेणे हे स्वागत नव्हे.

पहिला धडा : सांगाडा

एचटीएमएल शिकण्यासाठी संगणकावर आधीच असलेले नोटपॅड आणि एखादा ब्राऊझर एवढे पुरेसे आहे. मजकुराच्या प्रत्येक भागाला तो काय आहे, हे सांगणारी खूण करायची. बहुतेक खुणांची एक सुरुवात असते आणि एक शेवट. (या खुणा प्रत्यक्षात रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) शीर्षकांसाठी 'एच-१' ते 'एच-६', परिच्छेदासाठी 'पी', यादीसाठी 'यूएल' व 'ओएल', दुव्यासाठी 'ए', चित्रासाठी 'इमेज' या शब्दाचे लघुरूप, अर्जासाठी 'फॉर्म'. एवढ्या खुणांवर वाचनालयाचे संपूर्ण संकेतस्थळ उभे राहू शकते.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे, अक्षर मोठे दिसावे म्हणून 'एच-१' वापरणे. खूण अर्थासाठी असते, दिसण्यासाठी नव्हे. ग्रंथात जसे भाग, प्रकरण, पोटप्रकरण असतात, तशी शीर्षकांची उतरंड असावी. अंध वाचक पडदावाचक प्रणालीच्या साह्याने एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारत पान 'चाळतात'. शीर्षके केवळ ठळक अक्षरांची केलेली असतील, तर त्यांना अख्खे पान पहिल्या शब्दापासून ऐकत बसावे लागते. शोधयंत्रांनाही पानाचा विषय याच खुणांवरून कळतो.

आणखी चार सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. एक, पानाच्या आरंभी भाषा सांगणारा 'लँग' हा गुणधर्म द्यावा. मराठीचा संकेत 'एमआर'. दोन, अक्षरसंकेत 'यूटीएफ-८' असल्याची नोंद करावी. ती नसेल तर मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसू शकतात. तीन, 'व्ह्यूपोर्ट' ही नोंद घालावी. तिच्याशिवाय मोबाइलवर सारे पान आक्रसून मुंगीएवढ्या अक्षरांत दिसते. चार, प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला 'अल्ट' हा पर्यायी मजकूर द्यावा. वेळापत्रकाचे चित्र असेल तर 'चित्र १' असे लिहून भागत नाही. खरे तर वेळापत्रक चित्र म्हणून न देता मजकूर म्हणूनच द्यावे. केवळ सजावटीच्या चित्राचा 'अल्ट' मात्र रिकामा ठेवावा.

दुसरा धडा : पेहराव

सीएसएसचा प्रत्येक नियम तीन गोष्टी सांगतो : कोणाला, काय आणि किती. 'सर्व परिच्छेदांच्या ओळींमधले अंतर अक्षराच्या पावणेदोन पट ठेव', हा एक नियम. तो एका स्वतंत्र धारिकेत लिहिला की संकेतस्थळाच्या शंभर पानांना एकाच वेळी लागू होतो. उद्या रंग बदलायचा झाला, तर एकाच ठिकाणी बदल करावा लागतो.

यातील समजून घेण्याजोगी पहिली कल्पना म्हणजे 'बॉक्स मॉडेल'. पानावरची प्रत्येक वस्तू ही एक चौकट असते. आत मजकूर, भोवती मोकळी जागा म्हणजे 'पॅडिंग', मग किनार म्हणजे 'बॉर्डर' आणि बाहेर शेजाऱ्यापासूनचे अंतर म्हणजे 'मार्जिन'. भिंतीवरच्या तसबिरीची कल्पना करावी. चित्र, भोवतालचा पुठ्ठा, लाकडी चौकट आणि दोन तसबिरींमधील भिंत. हे एकदा उमगले की मांडणीतील निम्म्या अडचणी सुटतात. उरलेल्यांसाठी 'फ्लेक्सबॉक्स' आणि 'ग्रिड' या दोन पद्धती आहेत. पहिली वस्तू एका ओळीत वा स्तंभात लावण्यासाठी, दुसरी आडव्या-उभ्या जाळीसाठी. ग्रिड ही पद्धत २०१७ मध्ये प्रमुख ब्राऊझरांत आली. त्यापूर्वी मांडणीसाठी तक्त्यांचा गैरवापर सर्रास होत असे.

मोबाइल आणि संगणक यांच्यासाठी दोन वेगळी संकेतस्थळे बांधण्याची आवश्यकता नाही. ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये लिहिलेल्या एका लेखात याचे उत्तर दिले. लवचीक जाळी, लवचीक चित्रे आणि पडद्याच्या रुंदीनुसार नियम बदलणाऱ्या 'मीडिया क्वेरी' यांच्या मेळातून एकच पान सर्व पडद्यांवर नीट बसते. पाणी ज्या भांड्यात ओतावे त्याचा आकार घेते, तसेच हे. आखणी करताना मात्र लहान पडद्यापासून सुरुवात करावी. तेथे जागा कमी असल्याने महत्त्वाचे काय, हे ठरवणे भाग पडते.

मराठीचे स्वतःचे प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे लोक ८ कोटी ३० लाख. तरीही संकेतस्थळांच्या रचनेवरील बहुतेक मार्गदर्शन रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेले असते. २००० च्या दशकात अनेक मराठी संकेतस्थळांचा स्वतःचा वेगळा फाँट असे. तो आपल्या संगणकावर उतरवून घेतला नाही, तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसे. युनिकोडच्या प्रसाराने तो प्रश्न मिटला. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ संकेतांकांचा गट राखलेला आहे. मात्र काही प्रश्न अद्याप रचनाकाराच्या हाती आहेत.

देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार शिरोरेघेच्या वर जातात आणि उकार खाली येतात. इंग्रजीसाठी पुरेसे ठरणारे ओळींचे अंतर मराठीत दाटीवाटीचे होते. म्हणून ते अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवावे. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची सोय शीर्षकांसाठी वापरू नये, कारण त्यामुळे शिरोरेघ तुटते. तिरपी अक्षरे ही देवनागरीची परंपरा नाही. भर द्यायचा तर ठळक अक्षरे वापरावीत. मराठीत रूढ असलेली पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही वळणे काही फाँटमध्ये असतात, परंतु पानाची भाषा मराठी असल्याचे 'लँग' या गुणधर्माने सांगितले, तरच ती प्रकट होतात. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा 'मुक्त' यांसारखे देवनागरी फाँट आज विनामूल्य उपलब्ध आहेत.

अर्जांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षर एक बाइट घेते, तर देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन. 'मराठी' हा शब्द म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशा पाच संकेतांकांचा, म्हणजे पंधरा बाइटचा होतो. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून बाइटमध्ये मर्यादा आखलेल्या रकान्यात मराठी नाव अर्धवट कापले जाते ते यामुळे. तसेच 'नंबर' या प्रकारच्या रकान्यात केवळ रोमन अंक चालतात. मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत लिहिणाऱ्या माणसाला चूक ठरवू नये. रकाना 'टेल' प्रकारचा ठेवून अंकांचे रूपांतर यंत्राने करावे. क्रमांकात कोणी मध्ये जागा सोडली, तर ती काढून टाकणे हेही यंत्राचेच काम. आडनाव सक्तीचे करण्यापूर्वी ते नसलेली माणसेही आहेत, याचे स्मरण ठेवावे. पुस्तकांच्या शोधातही ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली म्हणून 'पुस्तक उपलब्ध नाही' असे सांगणे योग्य नव्हे. मिळतेजुळते शब्द दाखवावेत.

तिसरा धडा : हालचाल, पण बेताने

जावास्क्रिप्टने यादी उघडते-मिटते, पान न बदलता शोधाचे निकाल येतात, अर्ज पाठवण्यापूर्वी तपासला जातो. परंतु नवशिक्याने आधी एक प्रश्न विचारावा : हे काम एचटीएमएलनेच होते का? रकाना भरणे आवश्यक आहे, तो ई-मेलचाच असावा, या अटी एचटीएमएलच्या साध्या गुणधर्मांनी घालता येतात. दुकानाच्या दाराला विजेवर चालणारी कडी बसवावी, पण वीज गेली तर दार हाताने उघडता आले पाहिजे. स्टीव्ह शॅम्पियन यांनी २००३ मध्ये ही विचारसरणी 'प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट' या नावाने मांडली. आधी सर्वांना चालेल असे साधे पान, मग ज्यांच्याकडे साधने आहेत त्यांच्यासाठी अधिक सोयी. संपूर्ण मजकूर फ्लॅश या तंत्रात बांधलेली संकेतस्थळे एके काळी देखणी मानली जात. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपला आणि ती मुकी झाली. साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेले १९९१ सालचे पहिले पान मात्र आजच्या ब्राऊझरमध्येही वाचता येते.

वेगाचा विचारही येथेच करावा. नील्सन यांनी १९९३ मध्ये दिलेल्या मर्यादा लक्षात ठेवण्यास सोप्या आहेत. ०.१ सेकंदात मिळालेला प्रतिसाद तत्काळ वाटतो. एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर माणसाचे लक्ष उडते. पान संथ होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अवाढव्य छायाचित्रे. कॅमेऱ्यातून आलेले चित्र तसेच न चढवता पडद्याला हवे तेवढे लहान करावे. ग्रामीण भागातील साध्या मोबाइलवर आपले पान एकदा उघडून पाहणे हा उत्तम धडा ठरतो.

सर्वांसाठी खुले दार

२०११ च्या जनगणनेत देशातील अपंग व्यक्तींची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. शिवाय वयोमानाने दृष्टी मंदावलेले, हात थरथरणारे, मोडलेल्या हाताला प्लास्टर असलेले, भर उन्हात मोबाइल पाहणारे असे सारे जण कधी ना कधी याच गटात येतात. यासाठी 'डब्ल्यूसीएजी' नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांची पहिली आवृत्ती मे १९९९ मध्ये, तर २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. मजकूर जाणवावा, वापरता यावा, समजावा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकावा, ही त्यांची चार सूत्रे.

त्यांतील काही गोष्टी कोणालाही तपासता येतात. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांची फॅशन येथेच अनुत्तीर्ण होते. केवळ रंगाने अर्थ सांगू नये. 'लाल रकाने भरा' ही सूचना रंगांधळ्या व्यक्तीसाठी निरर्थक आहे. प्रत्येक रकान्याला 'लेबल' असावे. रकान्यातच फिकट अक्षरांत लिहिलेली सूचना टंकू लागताच नाहीशी होते. बोटाने दाबायच्या जागा फार लहान वा एकमेकींना चिकटून नसाव्यात. आणि माऊस बाजूला ठेवून केवळ 'टॅब' व 'एंटर' या कळांनी सारा अर्ज भरता यावा. अंध व्यक्तींना पान कसे ऐकू येते हे जाणण्यासाठी 'एनव्हीडीए' हा पडदावाचक विनामूल्य मिळतो.

हा केवळ सौजन्याचा विषय नाही. भारत सरकारने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेची तरतूद आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले आणि वीस निर्देश दिले. या प्रकरणाचे मूळ एका लहानशा रचनेत होते. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडण्याची अट होती. आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तींना आणि अंधांना ती पूर्ण करता येत नव्हती. माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याची रीत ठरवताना ज्याला पापणी मिटता येत नाही त्याचा विचार कोणीच केला नव्हता.

पाच जणांची परीक्षा

संकेतस्थळ तयार झाले की ते बांधणाऱ्याला सोपेच वाटते, कारण त्याला सारे ठाऊक असते. म्हणून परीक्षा इतरांकडून घ्यावी. एक जण सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो, असे गृहीत धरल्यास पाच जणांकडून सुमारे ८५ टक्के दोष हाती येतात, असे नील्सन व थॉमस लँडॉवर यांचे १९९३ चे गणित सांगते. हे सरासरीचे गणित आहे. दोष कठीण असतील तर अधिक माणसे लागतात. त्यामुळे पाच जण, दुरुस्ती आणि पुन्हा दुसरे पाच जण, हा मार्ग उत्तम.

पद्धत सोपी आहे. वाचनालयाच्या उदाहरणात एक विद्यार्थी, एक गृहिणी, एक निवृत्त शिक्षक असे निरनिराळ्या वयांचे लोक निवडावेत. प्रत्येकाला स्वतंत्र बसवून एक काम द्यावे : 'उद्या संध्याकाळी वाचनालय उघडे आहे का ते शोधा.' मनात येणारे विचार मोठ्याने बोलण्यास सांगावे. आपण मागे बसून केवळ टिपणे घ्यावीत. सर्वांत कठीण अट हीच, की ते अडखळले तरी 'तिथे नाही, उजवीकडे बघा' असे म्हणायचे नाही. आपण प्रत्येक वाचकाच्या घरी मागे उभे राहणार नाही. ते चुकले तर 'परीक्षा तुमची नाही, आमच्या पानाची आहे', हे आवर्जून सांगावे.

शिकायचे कसे?

रोज एक तास दिला, तर महिनाभरात पायाभरणी होऊ शकते. पहिल्या आठवड्यात केवळ एचटीएमएल. आपल्या आवडत्या विषयावर रंगरूपाविना तीन पाने लिहून एकमेकांना जोडावीत. दुसऱ्या आठवड्यात सीएसएसमधील रंग, अक्षरे आणि बॉक्स मॉडेल. तिसऱ्यात फ्लेक्सबॉक्स, ग्रिड आणि मोबाइलसाठीची मांडणी. चौथ्यात एक अर्ज आणि त्यापुरते जावास्क्रिप्ट. मोझिलाचे 'एमडीएन' हे संदर्भस्थळ विनामूल्य व विश्वासार्ह आहे. 'डब्ल्यू-३-सी'च्या तपासनीसाकडे पान दिले की खुणांमधील चुका ओळीसह कळतात. बहुतेक ब्राऊझरांत 'एफ-१२' ही कळ दाबली की कोणत्याही पानाची आतली रचना उघडी होते. दुसऱ्यांची पाने अशी उलगडून पाहणे हे जुन्या काळापासूनचे विद्यापीठ आहे. तयार साचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज काही क्षणांत पान लिहून देतात. परंतु ते पान अंध वाचकाला ऐकू येते का, मराठी नाव कापले जाते का, हे तपासण्यासाठी वरील ज्ञान लागतेच.

शिकून झाल्यावर पहिले संकेतस्थळ एखाद्या खऱ्या गरजेसाठी करावे. गावचे वाचनालय, गृहनिर्माण संस्था, एखाद्या मावशींचा पोळीभाजीचा व्यवसाय, असे काहीही चालेल. खरा वाचक समोर असला की शिकवण पक्की होते. आणि ते पान पाहून कोणी 'मला यातले काही जमत नाही' असे म्हणत उठले, तर त्यांना शिकवायला न जाता आपल्याच पानाकडे पुन्हा एकदा पाहावे.